एकाच माणसाची घोडी

रस्त्यांवर टांगे धावत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक टांगेवाला राहत होता. त्याची रेवडी नावाची घोडी होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. तिला हरभऱ्याची चंदी दिल्याशिवाय तो स्वतः घास घ्यायचा नाही.

त्याला एकाच गोष्टीचा गर्व होता. "माझी रेवडी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही," असं तो भेटेल त्याला सांगायचा. कुणी जवळ गेलं की रेवडी कान पाडून फुरफुरायची आणि या गड्याची छाती फुगायची. दावंसुद्धा तो अशी निरगाठ मारून बांधायचा की त्याच्याशिवाय कुणाला सुटू नये.

बायको म्हणायची, "अहो, तुम्ही घरी नसताना काही झालं, तर तिला बाहेर कोण काढणार?"

"काही होत नाही. तिला माझाच हात लागतो," असं म्हणून तो दुपारचा ताणून द्यायचा.

त्या दिवसापासून घरातली गुळाची ढेप भराभर उतरू लागली.

"हल्ली तुला गोड फार लागतं," टांगेवाला चिडवायचा. ती नुसती हसायची.

एकदा रेवडीचा नाल निघाला. तिला चालवायला नको म्हणून टांगेवाला सकाळीच नालबंदाला बोलवायला पलीकडच्या गावी पायी गेला. परतताना टेकडीवरून त्याला धूर दिसला. तबेल्यामागची कडब्याची गंज पेटली होती.

तो जिवाच्या आकांताने धावत सुटला. आगीला बिचकलेलं घोडं तबेल्यातच पाय रोवून उभं राहतं, हे त्याला ठाऊक होतं. रेवडी कुणाचं ऐकणार नव्हती, आणि दावं कुणाला सुटणार नव्हतं. हे सगळं आपणच करून ठेवलं, या विचाराने धावता धावता त्याला रडू कोसळलं.

तो पोचला तेव्हा तबेल्याचं छप्पर खाली आलं होतं. आणि विहिरीपलीकडे, लिंबाखाली, रेवडी धडधाकट उभी होती. तिच्या डोळ्यांवर त्याचाच जुना पंचा ओला करून बांधलेला होता. दावं बायकोच्या हातात होतं.

टांगेवाला धापा टाकत जवळ आला. "तुझ्याबरोबर आली कशी ही?"

"रोज दुपारी तुम्ही घोरत असताना असाच पंचा बांधून, गूळ देत देत तिला या लिंबापर्यंत आणत होते," बायको म्हणाली. "आज तुम्ही घरी नसणार, म्हणून सकाळीच तुमची निरगाठ सोडवली; बोटं सोलली. मग सुरगाठ मारून ठेवली. आग लागली तेव्हा ती एका ओढीत सुटली."

त्याने पंचा सोडला. रेवडीने त्याचा हात हुंगला आणि मग गुळासाठी सरळ बायकोच्या पदरात तोंड खुपसलं. ते पाहून त्याला जरा लागलं, खोटं कशाला बोला. पण डोळे पुसून तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी ढेप आणून अंगणात फोडली आणि सगळ्या शेजाऱ्यांना हाका मारल्या. "या, एकेक खडा भरवा हिला. चार हातांची ओळख होऊ द्या."

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचा जीव आपल्यामागेही वाचेल, अशी तजवीज वेळेआधीच करून ठेवावी.