बेतानं म्हणजे किती?

फार पूर्वी एका रानात मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. कालची फुलं उन्हानं आंबली होती. चांदुली अस्वलीण दोन पिल्लांना पाठीवर घेऊन तिथं आली.

म्हाताऱ्या साळिंदरानं सांगितलं, "चांदुले, बेतानं खा हो."

"बेतानंच खाते, काका! सगळी संपवायचा बेत आहे माझा."

तिनं अख्खा ढीग फस्त केला आणि रान गरगर फिरू लागलं. ती झाडाशी फुगडी घालू लागली. "आणखी, आई, आणखी!" पाठीवरची पिल्लं खिदळत होती. एका गिरकीसरशी धाकटं उडालं ते थेट शेजारच्या ओढ्यात! चांदुली धावली आणि काठावर थबकली.

"काका, ओढे तर तीन आहेत! कुठल्यात उडी मारू?"

"मधल्यात! मधल्यात!" साळिंदर ओरडलं.

तिनं डोळे मिटून उडी घेतली आणि मानगूट धरून पिल्लू बाहेर काढलं. गार पाण्यानं तिची झिंग उतरली. पिल्लाला उराशी धरून ती कितीतरी वेळ त्याला चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी चांदुली मूठभर ताजी फुलं खाऊन उठली. साळिंदर म्हणालं, "शहाणी झालीस गं!"

"छे हो काका," चांदुली लाजून म्हणाली, "अक्कल माझी बेताचीच. म्हणून खाणंही बेताचं ठेवलंय."