रिकाम्या सिंहासनाचा राजा

"यंदाच्या हंगामात तुमच्या प्रत्येक नाटकात राजा हवा! पण राजाचं सोंग घेतलेला एकही नट मला दिसता कामा नये! दिसला, तर दुसऱ्या दिवशी थेटरात माझे घोडे बांधीन!"

हिरडगडच्या उदाजीराव महाराजांचा हा हुकूम ऐकला आणि नाटक मंडळीचे मालक तात्या मटकन खालीच बसले. कारण ऐकाल तर हसाल. गेल्या हंगामात मंडळीतल्या राजाचं काम करणाऱ्या नटाला पाहून राणीसाहेब सहज बोलून गेल्या, "राजा दिसावा तर आपल्या सखारामबुवांसारखा!" झालं! महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

हंगामाची नाटकं तर ठरलेली. दोन संगीत, एक गद्य, आणि मेलं प्रत्येकात राजा! थेटर महाराजांच्याच मालकीचं; ते गेलं तर एवढ्या माणसांनी जायचं कुठं?

"राजाशिवाय राजाचं नाटक? म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात!" सखारामबुवांनी कपाळाला हात लावला.

कोपऱ्यात गोजरा झग्याला जरीची किनार लावत बसली होती. मंडळीचे कपडे तीच शिवायची. जिभेला मात्र सुईहून जास्त धार!

"बुवा, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही नुसते मिशी पिळून बसता. भोवतालचे वाकतात, म्हणून तुम्ही राजा दिसता. गादीवर बसायला कुणी नसलं तरी चालेल, वाकणारे तेवढे चांगले हवेत!"

बुवांना राग आलाच. पण तात्यांना दुसरी वाट कुठं होती?

पहिल्या खेळाला थेटर गच्च भरलं. महाराज पुढच्या रांगेत मिशीला ताव देत बसले, त्यांच्या एका बाजूला राणीसाहेब. नांदी झाली, पडदा वर गेला. मधोमध सिंहासन, आणि तेही रिकामं! त्यापुढे नाटकातले प्रधान हात जोडून उभे.

"वा सरकार, काय न्याय दिलात! काय म्हणता? अजून बोललाच नाहीत? तरीही, काय न्याय दिलात!"

लोक खदाखदा हसले. महाराजांचे खरे प्रधान खाली मान घालून बसले. महाराज मात्र गुरगुरले, "हसा, हसा! उद्या इथं घोडे आहेत!"

विंगेत गोजरानं ते ऐकलं. तिनं शेजारी उभ्या बापाला कोपरानं ढोसलं. म्हातारा एकेकाळी राजवाड्यावर चोपदार होता, महाराजांचे वडील आबासाहेब गादीवर होते तेव्हा. त्या थोरल्या सरकारांच्या धाकानं भलेभले चळाचळा कापत, मग पोटच्या पोराची काय कथा! म्हातारा काठी आपटत रंगमंचावर गेला आणि जुन्या आवाजात ललकारला, "निगा रखोऽऽ! थोरल्या सरकारांची स्वारी येतेय होऽऽ!"

आणि काय सांगावं! उदाजीराव महाराज ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि कमरेत वाकून त्यांनी चक्क मुजरा घातला!

भानावर येताच महाराज लालबुंद झाले.

"तात्या! ही फसवणूक आहे! राजा कुठाय? गादीवर कुणीच नाही!"

तात्या हात जोडायला लागले. गोजराच विंगेतून पुढं आली.

"कुणीच नाही, तर सरकारांनी मुजरा कुणाला घातला?"

सगळ्यांत आधी राणीसाहेबांना हसू फुटलं. मग महाराजही असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"हरलो, पोरी! थेटर मंडळीला कायमचं दिलं! सखारामबुवांनाही बसवा गादीवर. आणि हंगामभर माझ्या शेजारची खुर्ची तुझी!" मग ते चोपदाराकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या खेळाला आबासाहेब येणार असतील, तर आधी सांगत जा रे बाबा!"