कॅप्टनची गंमत

कराडच्या कॉलेजात व्हॉलीबॉलचा कॅप्टन पृथ्वीराज अकरावीतल्या मृण्मयीशी दिसेल तिथे लाडीगोडीने बोलायचा. तिलाही तो मनापासून आवडायचा. शेवटी तिने सरळ विचारलं, तर म्हणाला, "छे गं, प्रेमाबिमात नाही पडायचं मला. नुसती गंमत!"

घरी जाऊन ती खूप रडली आणि ठरवलं, आता बास.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्या टीमसमोर तो पुन्हा सुरू झाला. "काय दिसतेस आज! दुसऱ्या कोणाकडे बघायचं नाही हं."

मृण्मयी थांबली. "एसटीत ज्याला बसायचंय, त्याने रुमाल टाकून जागा धरावी. तुला बसायचंच नाहीये ना? मग उचल तुझा रुमाल!"

टीम खो-खो हसली. मागे वळून न बघता मृण्मयी वर्गाकडे चालू लागली.