पिंपाच्या तळचा गाळ

“सगळी पिंपं धुतलीस?” ओरेस्ते आजोबांनी विचारलं.

“सगळी. सोड्याच्या गरम पाण्यानं, चांगली खळखळून. नाक लावून बघा, वास येतो का.”

लिवियाला शाबासकी हवी होती, दुसरं काय. टस्कनीतल्या टेकडीवरचा हा द्राक्षमळा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचा. तांबड्या वाइनमध्ये नातीचा हात बसला, म्हणून आजोबांनी यंदा माळ्यावरची गोड वाइनही तिच्यावर सोपवली. ही पिंपं वर्षानुवर्षं बंद असतात. काल मुरलेली वाइन काढून झाली, आज सुकवलेल्या द्राक्षांचा नवा रस भरायचा होता. काही विचारायचंय का, असं आजोबा म्हणालेही होते. “मला येतं सगळं,” म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं होतं.

आजोबांनी पिंपाच्या तोंडात बोट फिरवलं. स्वच्छ निघालं.

“तळाशी गाळ होता...”

“होता की. नुसता चिखल. ओतून दिला.”

आजोबा उपड्या बादलीवर बसले.

“पोरी, विरजण होतं ते. माझ्या आजोबांच्याही आधीचं. त्याच्यावरच नवा रस लागतो.”

लिवियानं रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. या घराची गोड वाइन तिनं आपल्या हातानं मोरीत ओतली होती.

“ओरडा ना मला.” तिचे डोळे भरून आले.

“ओरडून गाळ परत येतो का?” तिच्या गालावरचा सोडा त्यांनी अंगठ्यानं पुसला. मायेनं, लहानपणी पुसायचे तसा. मग एक रिकामी बरणी तिच्या हातात दिली. “ब्रुनेस्कींकडे जा. माग.”

ब्रुनेस्की म्हणजे पलीकडच्या टेकडीवरचे. त्यांच्या गोड वाइनला तिनं गेल्या जत्रेत चारचौघांत खोकल्याचं औषध म्हटलं होतं. आता नाक मुठीत धरून त्यांच्याच दारात जायचं.

“हसतील ते.”

“हसतील. आणि बरणीही भरून देतील.”

...

ती शिडीपर्यंत गेली आणि थांबली. हसणं सोसलं असतं तिनं. दुसरंच काहीतरी घशाखाली उतरत नव्हतं.

“मागेन मी, आजोबा. हात जोडून मागेन. पण त्यांच्या विरजणावर लागलेली वाइन आपल्या घरची कशी म्हणायची? बाटलीवर आपलं नाव कुठल्या तोंडानं लावायचं?”

आजोबा बादलीवरून उठले.

“जाताना खाली स्वयंपाकघरात डोकाव,” ते म्हणाले. “आजीला विचार, माहेरी काही निरोप द्यायचाय का.”