क्लॅरिनेटवाल्याचा दम

"...मग अजून कशाची वाट बघायची, सर? काढू का त्यांना बाहेर?"

एमआरआयच्या काचेआड डॉक्टर प्रसन्न कानडे उतावीळ झाला होता. शिरेतून औषध सोडताच यकृताच्या उजव्या भागातली गाठ लख्ख उजळली होती, आणि ती हेरली त्यानेच. ऑपरेशन उद्यावर आलेलं. पोरगा हुशार, पण हुशारीला घाई फार.

त्याचे गुरू उकिडवे सर खुर्चीतून हललेही नाहीत.

"थांब. औषध अजून मुरायचंय."

"गाठ तर दिसली ना!"

"उजळली ती दिसली. आता चांगलं यकृत औषध पिऊन उजळेल. गाठ असेल तिथे काळंच राहील, ते बघायचंय."

"एकच आहे, सर. बाहेर त्यांची बायको बसलीय, मालनमावशी. तिला सांगूनही आलो, उद्या सगळी निघेल म्हणून."



आत यंत्राच्या पोटात बाबू ताटे निपचित पडले होते. मिरजेच्या बँडात जन्मभर क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. आत जाताना म्हणाले होते, "दम धराय सांगा की, डाक्टर. आख्खी वरात फुडं जाईस्तवर धरतो."

वेळ झाली. प्रसन्नने माइकचं बटण दाबलं.

"श्वास घ्या... सोडा... आता रोखा."

पडद्यावर शेवटचं चित्र उमटलं. यकृत पांढरंशुभ्र झालं होतं. उजवीकडची गाठ काळी. आणि डावीकडे, कापल्यावर जो भाग मागे ठेवायचा त्यातच, तीळ सांडावेत तसे काळे ठिपके.

 प्रसन्न पडद्याला नाक लावून बघतच राहिला...

सर झटकन पुढे वाकले. बटण त्यांनी दाबलं.

"सोडा, ताटेमामा. श्वास सोडा."

आतून धापा ऐकू आल्या. मग आवाज आला, "आजून धरला असता की!"

प्रसन्नला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हातारा आपल्या एका शब्दाखातर गुदमरत पडला होता, आणि आपण त्याला विसरलो.

"सर... उद्याचं ऑपरेशन?"

सरांनी मानेनेच नाही म्हटलं.

"मग मालनमावशीला... तुम्ही सांगाल ना?"

सरांनी दाराकडे बोट केलं.

"आतल्याला मी सोडा म्हटलं. बाहेरची तुझ्या शब्दावर श्वास रोखून बसलीय."