दहिफळे साहेबांची चौकशी

शेतातला पंप चोरल्याच्या आरोपावरून भागोजी वाघमोडे तुरुंगात येऊन आठ महिने झाले, तरी त्याचा खटला काही उभा राहिला नव्हता. आत भाकरी मिळायची ती कच्ची, आणि त्याबद्दल कुणी तोंड उघडलं की जेलर दहिफळे साहेबांचा पट्टा पाठीवर बसायचा. शेवटी वैतागून भागोजीने थेट मंत्र्यांनाच अर्ज लिहिला.

अर्ज मंत्रालयात पोचला, चार टेबलं फिरला आणि 'चौकशी करून अहवाल द्यावा' असा शेरा घेऊन दहिफळे साहेबांच्याच टेबलावर येऊन पडला. साहेबांनी चौकशी केली, म्हणजे भागोजीला आणखी एकदा पट्ट्याने झोडपलं, आणि सही ठोकून अहवाल वर पाठवून दिला.

महिन्याभराने मंत्री तुरुंग पाहायला आले. गळ्यात हार, शेजारी दहिफळे. कैद्यांच्या रांगेत भागोजीचं नाव कानावर पडताच ते थांबले.

"तो अर्ज तुझाच ना? आमचं सरकार कुणाचा अर्ज दडपत नाही, बरं का. तुझ्या तक्रारीची रीतसर चौकशी झाली. तथ्य आढळलं नाही."

"चौकशी कुणी केली, साहेब?"

"खुद्द दहिफळ्यांनी," मंत्री कौतुकाने म्हणाले.

भागोजीने हात जोडले. "मग माझ्यावरही एवढी मेहेरबानी करा. त्या पंपाच्या चोरीची चौकशी माझ्याकडे द्या. संध्याकाळच्या आत अहवाल देतो. तथ्य आढळणार नाही."