आरसा आणि खुंटी

वस्तू आपसांत बोलायच्या त्या काळी चंद्राक्कांच्या भिंतीवर एक आरसा होता. वेणी घालताना आक्का त्याच्याकडे डोळे भरून पाहायच्या. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्या शेजारच्या खुंटीकडे पाहत वेणी घालू लागल्या.

आरसा झुरू लागला. "मी नकोसा झालोय. आता खिळा सोडून देतो."

"वेडा आहेस!" फळीवरचं भिंग म्हणालं. "मला हातात धरतात तेव्हाही त्या अक्षराच्या बाजूलाच बघतात. नजरेच्या मधोमध डाग पडलाय त्यांच्या. जे बघायचं असतं, त्याच्यावरून नजर जरा हलवली, तरच ते दिसतं."

दुसऱ्या सकाळी आक्का खुंटीकडे पाहत म्हणाल्या, "आज भांग सरळ आलाय हो!" आणि हसल्या.

आपल्याकडे पाहूनच हसल्या, असं वाटून खुंटी मोहरली. आरशाने तिला काही सांगितलं नाही.